आता पाराही झाडांनीच प्यायचा?

मृगाच्या सरी आल्या की आमच्या जुन्नर-आंबेगावात दोन गोष्टी हमखास उगवतात. एक भाताची रोपं आणि दुसरे वृक्षारोपणाचे मंडप. भाताला निदान चिखल लागतो. मंडपाला एक बॅनर, चार हार आणि आदल्या दिवशी खणून ठेवलेला खड्डा पुरतो. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावणारी माणसंही मी पाहिली आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही, खड्डा तरी वाया जात नाही. माझं भांडण यंदा ऐकलेल्या एका भाषणाशी आहे, आणि ते भाषण माझ्याच गुरुजींचं होतं, म्हणून जरा अवघड झालंय.

गुरुजींनी मला चौथीपर्यंत शिकवलं. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, पण आवाज अजून पटांगणाच्या टोकापर्यंत जातो. घोडेगावच्या वरच्या अंगाच्या एका शाळेत ते प्रमुख पाहुणे होते. मुलांना म्हणाले, "हवेतला पारासुद्धा झाड ओढून घेतं, हे आता शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. ओढून घेतं आणि पिऊन टाकतं. तेव्हा कारखान्यांनी किती का धूर सोडेना, आपण झाडं लावत राहू." टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी त्यांनी मला गाठलंच. "कसं झालं रे?"

"गुरुजी, पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं अर्धं बरोबर आहे."

"आणि तिसरं?"

"तिसऱ्याचं उत्तर लिहूनच देतो."

ते हे उत्तर. नुसतं गुरुजींसाठी लिहिलं असतं तर पोस्टकार्डावर भागलं असतं. पण ते तिसरं वाक्य त्यांचं एकट्याचं नाही. मंत्र्यांच्या भाषणात, कंपन्यांच्या अहवालात, वनजमीन मागणाऱ्या प्रस्तावात ते वेगवेगळे कपडे घालून येतं. गुरुजींनी ते भाबडेपणाने म्हटलं. बाकीचे तितके भाबडे नाहीत.

आधी जे खरं आहे ते पदरात घालतो. झाडं हवेतला पारा घेतात, आणि बरीच घेतात. पारा हा धातू असून वाफ होतो. कोळसा जाळला, सोन्याची माती पाऱ्यात घोळून भाजली, सिमेंटची भट्टी पेटवली, की तो वाफ होऊन हवेत जातो. एकदा गेला की काही महिने, कधी वर्षभरसुद्धा तरंगत राहतो. एवढ्या काळात वारा त्याला पृथ्वीभर फिरवून आणतो. त्यामुळे आहुप्याच्या कड्यावरच्या जांभळीच्या पानात शिरलेला पाऱ्याचा कण चंद्रपूरचा आहे, चीनचा आहे की पेरूमधल्या सोन्याच्या खाणीचा, हे त्या जांभळीला ठाऊक नसतं आणि तिचं काही अडतही नाही.

पानाच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला ती उघडतात आणि त्याच दारातून पारा आत येतो. आला तसा परत जाऊ शकला असता, थोडा जातोही. पण आत गेल्यावर त्याचं रूप बदलतं आणि पानातल्या प्रथिनांमध्ये जिथे जिथे गंधक आहे तिथे तो चिकटून बसतो. पारा आणि गंधक यांचं हे सख्य जुनं आहे. आपल्या वैद्यांनी दोघांना खलात एकत्र घोटून कज्जली केली, हिंगूळ म्हणजे तरी त्या दोघांचंच लग्न. स्वयंपाकाच्या गॅसला जो घाण वास येतो तो मरकॅप्टन नावाच्या गंधकी पदार्थाचा, आणि त्या लॅटिन नावाचा अर्थच 'पारा पकडणारा' असा आहे. नारायणगावच्या द्राक्षबागायतदाराला भुरीवर मारायचं गंधक माहीत असतं. पानाच्या आत गंधकाचं हेही काम चालतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

अजून एक गोष्ट गुरुजींच्या बाजूने सांगतो. हा पारा झाडाने मुळांनी जमिनीतून वर ओढला असेल, अशी शंका पूर्वी घेतली जायची. पाऱ्याचे वेगवेगळ्या वजनाचे समस्थानिक तपासून पाहिल्यावर ती शंका फिटली. पानातला बहुतेक पारा हवेतलाच असतो, मुळं त्याला वर फारसं येऊ देत नाहीत. पान जितकं जुनं तितका त्यात पारा जास्त. उत्तर गोलार्धात झाडं भर पालवीत असतात त्या महिन्यांत हवेतल्या पाऱ्याचं प्रमाण उतरतं, आणि त्या उताराचं मोठं श्रेय पानांना जातं, असं २०१८ साली दाखवलं गेलं. २०२२ मध्ये पेरूच्या माद्रे दे दिओस प्रांतातलं मोजमाप प्रसिद्ध झालं. तिथे सोन्याच्या खाणींजवळच्या अभंग जंगलात पानगळीतून आणि पानांवरून निथळणाऱ्या पावसातून इतका पारा खाली येत होता की जगात कुठल्या जंगलात तेवढा क्वचितच सापडला असेल. शेजारी जंगल तोडून मोकळी केलेली जमीन होती, तिथे त्या मानाने फार कमी. म्हणजे झाडंच तो पारा ओढून खाली आणत होती. गुरुजींनी बहुधा याच्यासारखीच बातमी वाचली असणार. बातमी खोटी नव्हती.

आता 'पिऊन टाकतं' हा शब्द. मराठीत 'टाकणे' हे क्रियापद दुसऱ्या क्रियापदाला जोडलं की काम संपल्याची खूण होते. खाऊन टाकलं, विसरून टाकलं, मिटवून टाकलं. पाऱ्याच्या बाबतीत यातलं काहीच होत नाही. झाड कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्याची साखर करतं, तिथे खरंच एक वस्तू संपते आणि दुसरी तयार होते. पारा हे मूलद्रव्य आहे. तो जळत नाही, कुजत नाही, मोडत नाही. त्याला फक्त पत्ता बदलता येतो. पान त्याला पोटात घेतं पण पचवत नाही, नुसतं सांभाळतं. मग फाल्गुन-चैत्रात हिरड्याची पानं गळतात, अंजनीची आणि जांभळीची आपल्या सवडीने वर्षभर गळत राहतात, आणि पाऱ्याचा पत्ता फांदीवरून जमिनीवर येतो.

भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्याआधी जाऊन पाहावं. पायाखाली पाचोळ्याचा थर असतो, त्याखाली ओलसर काळी माती आणि तिच्याखाली तांबडी. सगळा हिशेब त्या काळ्या थरात चाललेला असतो. कुजणाऱ्या पाल्यातल्या गंधकाला धरून पारा तिथे दशकानुदशकं मुक्काम करतो. थोडा पुन्हा वाफ होऊन वर जातो, थोडा पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला लागतो. बाकीचा थरावर थर साठत राहतो. आजोबांच्या काळी जळलेल्या कोळशातला पाराही त्यात असेल. जोवर तो थर जागेवर आहे, कोरडा-ओला होत हवा घेतो आहे, तोवर त्याने कुणाचं फारसं बिघडत नाही. म्हणून जंगल विषारी आहे असा अर्थ कुणी काढू नये. शेकरू काही थर्मामीटर चाटत नाही.

बिघडतं ते माती पाण्याखाली जाते आणि तिच्यातली हवा संपते तेव्हा. तिथे वाढणारे काही जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथिल पारा करतात. हा मिथिल पारा शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात चढत जातो आणि प्रत्येक पायरीला त्याचं प्रमाण वाढतं. जपानमध्ये मिनामाताच्या उपसागरात चिस्सो कंपनीने सोडलेल्या पाण्यात हाच होता. १९५६ मध्ये त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. आधी मांजरं नाचल्यासारखी तडफडून मेली, मग मासे खाणाऱ्या कोळ्यांची मुलं. धरण नवीन भरतं तेव्हा बुडालेल्या जंगलाच्या मातीतून हा प्रकार वाढतो, हे कॅनडातल्या जलाशयांवर अनेक वर्षं पाहिलं गेलं आहे. चीनच्या ग्वीझो प्रांतात पाऱ्याच्या खाणींच्या परिसरात माशापेक्षा भातातूनच मिथिल पारा माणसांच्या पोटात जातो असं आढळलं, कारण भाताचं खाचरही महिनोन् महिने पाण्याखाली असतं.

ग्वीझोमधल्या खाणी आपल्याकडे नाहीत, तेव्हा इंद्रायणी तांदळाचं पोतं कुणी परत करू नये. पण आंबेगावच्या पश्चिमेचा नकाशा नीट पाहा. वर भीमाशंकरचं जंगल, खाली उतारावर भाताची खाचरं आणि त्याखाली हुतात्मा बाबू गेनू सागर, म्हणजे डिंभे धरण. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते जुनं आंबेगाव त्याच पाण्याखाली गेलं. ज्यांची जमीन बुडाली त्या आदिवासींनी पुढे तिथेच मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. जंगलाने धरून ठेवलेल्या गोष्टीचा खालच्या पाण्याशी, भाताशी आणि माशाशी संबंध असतो, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. झाडाने पारा 'पिऊन टाकला' असं म्हणणारा माणूस हा उतार विसरलेला असतो.

दुसऱ्या वाक्याची आणखी एक बाजू आहे, आणि ती इथली, अगदी घरची आहे: वणवा. होळीच्या सुमारास शिवनेरीवरून, हटकेश्वराच्या डोंगरावरून किंवा माळशेजच्या घाटातून रात्री पाहिलं तर डोंगराच्या अंगावर लाल माळा दिसतात. कुणी चांगलं गवत यावं म्हणून काडी लावतं, कुणी बिडीचं थोटूक टाकतं, कुणी काही कारण नसताना. पाचोळा पेटला की त्यातला जवळजवळ सगळा पारा एका रात्रीत पुन्हा हवेत जातो. पानांनी वर्षभर एकेक कण करून जमवलेलं एका काडीने परत. वन खातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, काही गावांतली तरुण पोरं झावळ्या घेऊन आग विझवायला धावतात. त्यांना कुणी पारा वाचवणारे म्हणत नाही, आणि मंडपात त्यांना हारही घालत नाही.

मी हे चहावरच बोलून गेलो होतो, आणि गुरुजींनी लगेच पकडलं. "म्हणजे आता राबावर आलास. आमची माणसं कवळ तोडून राब भाजतात म्हणून हवा बिघडते, असंच लिहिशील."

गुरुजी स्वतः महादेव कोळी समाजातले. राबाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर आठी येते, आणि ती यायला कारण आहे. भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून उन्हाळ्याच्या अखेरीस भाजायचं, ही सह्याद्रीतली फार जुनी रीत. इंग्रजांच्या काळापासून वन खात्याचे साहेब तिच्यावर दात ओठ खात आले. त्यामुळे या वादात मी हिशेबाशिवाय एक शब्द बोलणार नाही.

जंगलातल्या वाळल्या पाल्यात किलोला साधारण ५० मायक्रोग्रॅम पारा असतो. एक टन पाला जाळला तर हवेत गेले ५० मिलिग्रॅम. फांद्यांमध्ये त्याहून कमी, पण आपण सगळा पालाच धरू. आता दुसऱ्या पारड्यात पाहू. भारतीय कोळशात टनामागे सरासरी ०.१४ ग्रॅमच्या आसपास पारा असतो. जुन्नरच्या उत्तरेला नाशिकजवळ एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र आहे, त्याची क्षमता ६३० मेगावॉट. ते पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला १० हजार टनांच्या घरात कोळसा लागतो. म्हणजे दिवसाला १,४०० ग्रॅम पारा त्या भट्टीत जातो. एवढ्या पाऱ्याची बरोबरी करायला २८ हजार टन वाळला पाला रोज जाळावा लागेल. आणि राब वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या अखेरीस पेटतात. एकलहऱ्याची भट्टी रोज पेटते.

आकड्यापेक्षाही मोठा फरक दुसरा आहे. राबातून हवेत जाणारा पारा हवेतूनच आलेला असतो, पानांनी तो मधल्या काळात सांभाळला एवढंच. कोळशातला पारा २५-३० कोटी वर्षं जमिनीखाली होता. तो कोळसा म्हणजे तरी काय, गोंडवनातलं जुनं जंगलच. त्यातला बराच पारा लोह-गंधकाच्या सोनेरी खड्यांत अडकून निपचित पडलेला असतो, पुन्हा तेच गंधक. आपण तो खणून वर काढतो आणि जाळून हवेत नव्याने भर घालतो. एक माणूस घरातला पैसा या खिशातून त्या खिशात टाकतो आणि दुसरा बाजारात खोट्या नोटा आणतो. चौकशी मात्र पहिल्याचीच होते.

आता तिसरं वाक्य. 'कारखान्यांनी किती का धूर सोडेना, आपण झाडं लावत राहू.' गुरुजींनीच मला त्रैराशिक शिकवलं, तेव्हा त्यांच्याच हत्याराने उत्तर देतो.

जगात ठिकठिकाणी जंगलांनी हवेतून किती पारा घेतला ते मोजलेलं आहे. बहुतेक ठिकाणी चौरस मीटरला वर्षाकाठी १० ते ४० मायक्रोग्रॅम भरतं. आपण ३० धरू. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र १३०.७८ चौरस किलोमीटर, म्हणजे १३ कोटी चौरस मीटरहून थोडं जास्त. गुणाकार केला की वर्षाला साधारण ३.९ किलो. अख्ख्या अभयारण्याने, त्यातल्या प्रत्येक जांभळीने, अंजनीने, हिरड्याने वर्षभर श्वास घेऊन केलेली ही कमाई. एकलहऱ्याच्या कोळशातला निम्माच पारा धुराड्यातून बाहेर पडतो आणि निम्मा राखेत अडकतो, असं उदारपणे धरलं तर दिवसाला ७०० ग्रॅम बाहेर. भागाकार करा. सहा दिवससुद्धा पुरत नाही.

पेरूच्या खाणींशेजारच्या जंगलाचा आकडा कुणी तोंडावर फेकेल म्हणून जंगलाची ताकद चौपट धरून पाहिली. तरी महिना भरत नाही.

उलट बाजूने मांडतो. त्या एका केंद्राचा वर्षाचा पारा ओढायला ६५ भीमाशंकरं लागतील, क्षेत्रफळाने पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून जास्त. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. त्याच हिशेबाने त्याच्यासाठी राज्यातल्या एकूण वनाच्छादनाचा तीन-चतुर्थांशाहून मोठा तुकडा बाजूला काढावा लागेल. मग कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी आणि पारस यांनी काय करायचं? शिवाय जंगल धुराड्याच्या दारात रांग लावून उभं नसतं. साध्या वाफेच्या रूपातला पारा जवळच्या झाडांना ओलांडून कुठच्या कुठे जातो. आपल्या पानांत येतो तो सगळ्या जगाच्या शिध्यातला वाटा, आणि आपला वाटा जगाच्या पानांत. तेव्हा 'कारखान्याभोवती हरित पट्टा' ही कल्पना धुळीसाठी ठीक आहे. पाऱ्यापुढे ती म्हणजे पुराच्या तोंडावर धोतर धरणं.

हे आकडे ढोबळ आहेत हे मला कबूल आहे. केंद्र रोज पूर्ण भाराने चालत नाही, कोळसा खाणीगणिक बदलतो, जंगल जंगलासारखं नसतं. कुणी इकडे दुप्पट, तिकडे निम्मं करावं. उत्तर सहा दिवसांचं बारा होईल, चोवीस होईल. ३६५ होणार नाही.

आणि हा सगळा हिशेब मोठ्या, भरल्या जंगलाचा आहे. मंडपात लावतात ते रोप वीतभर असतं. आपल्या राज्याने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावण्याचे संकल्प सोडले. त्या वेळचे वनमंत्री चंद्रपूर जिल्ह्यातले होते, जिथे राज्य सरकारच्या वीज कंपनीचं सगळ्यात मोठं धुराडं आहे. हा त्यांच्यावर आरोप नाही, योगायोग आहे, पण बोलका आहे. झाड लावायला कोट्यवधीचा आकडा सहज सुचतो, धुराड्याला चाळण लावायला मात्र तारीख पे तारीख.

पाऱ्याच्या दृष्टीने नव्या रोपापेक्षा जुन्या मातीची किंमत कितीतरी जास्त आहे. पर्यायी वनीकरण म्हणजे इथलं जंगल घ्या आणि तिकडे माळावर तेवढीच झाडं लावून द्या, हा व्यवहार त्यामुळेच मला फसवा वाटतो. आहुप्याच्या देवराईचं उदाहरण घ्या. देवराईतला पालासुद्धा उचलायचा नाही, वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही, असा दंडक गावोगाव होता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांची नोंद केली, तेव्हा हा दंडक म्हणजे जैवविविधतेचं रक्षण आहे हे लोकांच्या लक्षात आलं. पण त्याने पिढ्यान् पिढ्या पाचोळ्याचा आणि काळ्या मातीचा थरही हलू दिला नाही, आणि त्या थरात जगभरच्या भट्ट्यांचा पारा निमूटपणे बसून आहे. तिथली झाडं तोडली की दोन गोष्टी होतात. पुढचा पारा ओढणारी पानं जातात, आणि मागचा पारा उन्हाने तापून वाफेने व पावसाने धुपून बाहेर पडतो. २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी जगाचा असा हिशेब मांडला. जंगलतोडीमुळे दरसाल सुमारे २०० टन पारा हवेत राहतो, माणसाच्या एकूण उत्सर्जनाच्या जवळपास १० टक्के. हे संशोधन सांगतं की असलेलं जंगल तोडू नका. मंडपातला वक्ता त्यातून ऐकतो की रोपं लावा. त्याच संशोधकांनी हेही म्हटलं आहे की नवीन झाडं लावून थोडा फायदा होईल, पण उत्सर्जन कमी करण्याची जागा ती घेऊ शकत नाहीत. बातमीत हे वाक्य खाली कुठेतरी असतं आणि तिथवर कुणी पोचत नाही.

जंगलाची ढाल पुढे करून मागे काय चालतं, याचा एक धडा आपल्या देशात घडून गेला आहे. कोडाईकनालला पांबार शोलाच्या जंगलाला लागून थर्मामीटरचा कारखाना होता. अमेरिकेतून उचलून इथे आणलेला, पुढे हिंदुस्तान लिव्हरकडे आलेला. फुटक्या काचांचा पारा लागलेला कचरा गावातल्या भंगारवाल्याकडे सापडल्यावर २००१ मध्ये तो बंद पडला. नंतरच्या तपासण्यांत परिसरातल्या शेवाळात आणि दगडफुलात पारा मिळाला, तलावाच्या गाळात आणि माशांतही मिळाला. दगडफूल म्हणजे आपल्या गोडा मसाल्यातलंच. त्याला मूळ नसतं, ते सगळं हवेतून घेतं, म्हणून हवेची साक्ष द्यायला ते झाडापेक्षाही पक्कं. माती साफ करायची वेळ आली तेव्हा वाद पेटला तो किलोला २० मिलिग्रॅम पारा मातीत राहू द्यायचा की आणखी खाली आणायचा यावर. जास्त साफ करायला गेलं तर उतारावरची झाडं काढावी लागतील आणि माती धुपेल, हा मुद्दा कमी सफाईच्या बाजूने पुढे आला. म्हणजे आधी झाडांशेजारी पारा सांडायचा आणि मग झाडांच्याच प्रेमापोटी तो उचलायचा नाही! निसर्गप्रेमाला एवढं लवचीक मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मग उपाय नाही का? आहे, आणि तो काही गूढ नाही. कोळसा धुऊन घेतला तर लोह-गंधकाबरोबर थोडा पारा खाणीवरच राहतो. धुराड्याआधीची राख पकडणारी यंत्रणा काही पारा पकडते. धुरातलं गंधक धुणारी यंत्रणा, जिला एफजीडी म्हणतात, ती पाण्यात विरघळणाऱ्या रूपातला पारा सोबत धुऊन काढते. धुरात कोळशाची खास पूड फवारली तर आणखी अडतो. आणि शेवटचा उपाय, कोळसाच कमी जाळणं. केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक केंद्रांसाठी पाऱ्याची मर्यादा घातली, धुराच्या घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. त्याच अधिसूचनेत गंधकाची मर्यादा होती आणि तिच्यासाठी एफजीडी लागणार होती. मुदत दोन वर्षांची दिली होती. ती वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना गंधकाच्या त्या अटीतून सूटच मिळाली. सूट देताना चर्चा गंधकाची झाली. त्याच्याबरोबर धुतला जाणारा पारा फारसा कुणाच्या बोलण्यात आला नाही. पारा आणि गंधकाचं सख्य वैद्यांना कळलं होतं, मंत्रालयाला आठवलं नाही.

भारताने मिनामाता कराराला १८ जून २०१८ रोजी मान्यता दिली आणि त्याच सप्टेंबरात तो आपल्याला लागू झाला. या करारात जुन्या उत्सर्जन स्रोतांवर नियंत्रणाचे उपाय अमलात आणायला दहा वर्षांची मुदत आहे. म्हणजे सप्टेंबर २०२८. त्या दिवसापर्यंत एकलहरे आणि चंद्रपूर काय करणार, हे विचारायला विधानसभा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, जनसुनावणी आहे. तिथे 'आम्ही इतकी झाडं लावली' असं उत्तर आलं तर वर केलेला भागाकार उपयोगी पडावा, म्हणून तो इतक्या तपशिलाने केला.

हे सगळं लिहून झाल्यावर गुरुजींना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून शांतपणे ऐकलं. गुणाकार एकदा स्वतः करून पाहिला, कागदाच्या मागच्या बाजूला, वरून हातचा लिहीत. मग म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. पण पाचवीच्या पोराला मी काय सांगू? धुराड्याला चाळण लावणं त्याच्या हातात नाही. रोप आहे."

याचं पुरतं उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं, आजही नाही. मी म्हटलं, "रोप लावू द्या की. फक्त तिसरं वाक्य म्हणू नका."

"मग त्या जागी काय म्हणू? मंडपात मधेच थांबता येत नाही रे."

थोडा वेळ त्यांनी विचार केला. पुढच्या वर्षी मंडपाऐवजी मुलांना फेब्रुवारीत जाळरेषेच्या कामाला न्यावं का, असं त्यांनी विचारलं. वनरक्षक ओळखीचा आहे, पण त्या दिवसांत परीक्षेची घाई असते, मुख्याध्यापक सोडतील की नाही शंका. राबाच्या हिशेबाचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. वन खात्याच्या कुठल्याशा बैठकीत दाखवायचा आहे म्हणाले, आणि २८ हजार टनांच्या आकड्याखाली दोनदा रेघ मारून घेतली.